बिनशेती

प्लॉट नंबर सतरा, अमळनेर, धुळे रोडच्या आत.
तहसीलच्या कागदावर गोल शिक्का: बिनशेती.
मागच्या खरिपापर्यंत इथं कपाशी होती.
पायाच्या चरीतून अजून पऱ्हाट्यांची मुळं निघत होती
आणि उखर्डू मिस्तरी ती एकेक करून
कडेला रचत होता, फेकत नव्हता.
"काळीनी पांढरी करी ऱ्हायनूत आपुन," म्हणाला,
"इचारनं पडी."

मग विचारलं.
दूध, हळद, एक खण.
चांदीचा नाग सोनारानं इतका बारीक दिला
की चिमटीत धरल्यावर गांडूळ वाटला.
गुरुजींनी दोन पाट मांडले,
मी एकावर बसले,
ते दुसऱ्याकडे बघत राहिले.
"यजमान?"
"मीच."
"तसं नव्हे हो. जोडीनं बसावं लागतं."

पुरुष एकटा असेल तर सोय आहे:
कमरेला सुपारी खोचायची,
ती सुपारी म्हणजे बायको, तासाभरापुरती.
बाई एकटी असेल तर काय खोचायचं
ते पोथीत नव्हतं.
गुरुजींनी खरंच शोधलं. मागची पानं, पुढची पानं.
माणूस वाईट नव्हता, नुसता घामाघूम झाला होता;
वैशाख, आणि मंडपाची ताडपत्री निळी.
भाऊ-वहिनीला बसवा म्हणाले.
भाऊ सुरतेला, साडीच्या दुकानात,
आणि हप्ता माझ्या पगारातून.

चरीतूनच उखर्डूनं डोकं वर काढलं.
"घरले नवरा नही लागस, गुरुजी. पाया लागस."
वर आला, हात पुसले,
आणि दुसऱ्या पाटावर ठेवला त्याचा ओळंबा,
पितळी, सिमेंट चिकटलेला, दोरी नीट गुंडाळून.
"हाऊ कधी खोटं नही बोलस."
गुरुजींनी ओळंब्याकडे पाहिलं,
घड्याळाकडे पाहिलं,
मुहूर्त चालला होता,
ओळंब्याला कुंकू लावलं.
संकल्पात त्याचं गोत्र काय सांगितलं
मी विचारलं नाही.

पुढचं सगळं मग आपसूक होत गेलं.
पायऱ्या पाच. खिडक्या मोजल्या तर सात,
म्हणून न्हाणीत एक झरोका वाढला.
चौकटीला आंब्याचा टाळा, स्लॅबला गूळ-खोबरं,
मिक्सरवरच्या पोरींना आधी.
गच्चीतून वर राहिलेल्या सळईला
बिब्बा, मिरच्या, एक पायताण आणि काळी बाहुली.
मी आठवीला विज्ञान शिकवते.
बाहुली मीच शिवली,
शाळेतल्या मोडक्या छत्रीच्या कापडाची,
डोळ्यांना पांढरा दोरा दुहेरी घेऊन.

एकदा हजेरी लिहिताना त्याला नावाचं विचारलं.
आधीची तीन गेली होती.
हा झाला तसा आईनं उकिरड्यावर नेऊन ठेवला,
शेजारणीनं उचलला,
आणि आईनं सव्वा शेर ज्वारी देऊन
आपलाच पोरगा विकत घेतला.
वरच्याला वाटावं, हे टाकून दिलेलं आहे,
हे कुणाला नको आहे.
बासष्ट वर्षं झाली.
"नाव पक्कं निंघनं, ताई," म्हणाला,
आणि विटेवर पाणी मारू लागला.
मी लिहिलेलं नाव पुन्हा वाचलं.
सळईवर बाहुली वाऱ्यानं गरगर फिरत होती.

हिशेब चुकता झाल्यावर महिन्यानं दिसलं:
माळ्यावर, टाकीच्या मागे, तळहाताएवढी जागा
गिलाव्याशिवाय. एक वीट उघडी.
फोन केला. "राहिली, की ठेवली?"
पलीकडे दुसऱ्या कुणाचा तरी मिक्सर धडधडत होता.
"पुरं व्हयेल घर नजरमा येस," म्हणाला,
किंवा तसंच काहीतरी, आवाज तुटत होता.

श्रावणात माती फुगते.
मागचं दार अडतं, वर्षातून महिनाभर.
सुतार म्हणाला, रंधा मारून देतो, दहा मिनिटांचं काम.
नको म्हटलं.
दाराशी आले की ढकलत नाही लगेच,
थोडी थांबते,
काळीला आत काय करायचं आहे ते करू देते.